भुरीचा पट्टा

मुलांनो, कुत्र्याला पट्टा बांधायला किती वेळ लागतो? माझ्या चौथीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला, तर "एक मिनिट, बाई!" असं उत्तर आलं. आमच्या भुरीला ४१ दिवस लागले.

भुरी आम्हाला २०२३च्या पावसाळ्यात उसाच्या शेतात सापडली. रानडुकरांसाठी कुणीतरी तारेची फासकी लावली होती, तीत हिची मान अडकली होती. सुटायची जितकी धडपड करावी, तितकी फासकी आवळत जाते. शेतमालकाने आणि माझ्या यजमानांनी तिच्या डोक्यावर पोतं टाकून पकडीने तार तोडली. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम धुतली, रेबीजची लस टोचली. जखम भरली, पण गळ्याभोवतीच्या त्या रेघेवर केस काही उगवले नाहीत.

आता तुम्हीच सांगा, अशा कुत्रीला पट्टा कसा आवडेल? हातात नुसती दोरी दिसली, तरी ती पलंगाखाली शिरायची आणि भीतीने तिथेच शू करायची.

पण पट्टा तर हवाच होता. आमचं घर पुणे-सोलापूर महामार्गापासून हाकेच्या अंतरावर, अंगणाला कुंपण नाही. दिवाळी तोंडावर आलेली. फटाक्यांनी बिथरलेलं कुत्रं कुठे पळेल याचा नेम नसतो. त्यात ऊसतोड सुरू झाली, की उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात.

शेजारच्या आजी म्हणाल्या, "बाई, बांधा अन् ओढा. दोन दिवस ओरडंल, मग गपगुमान चालंल." मला ते पटेना. कुत्र्याला ओढलं की ते उलट बाजूला जोर लावतं, हे तुम्ही पाहिलं असेलच. आणि भुरीच्या लेखी ओढलेली दोरी म्हणजे तीच तार!

वाट दाखवली ती वर्गातल्याच एका मुलाने. "बाई, आमचे अण्णा नव्या खोंडाला आधी दावं नुसतं हुंगू देतात. मग पाठीवर टाकतात. बांधतात लई उशिरा."

डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा आणला आणि तो भुरीच्या ताटलीपासून चार हातांवर नुसता ठेवून दिला. रोज थोडा जवळ. आठव्या दिवशी तिने तो हुंगला. लगेच चपातीचा तुकडा! खाण्याआधी दर वेळी एकच खूण केली, तर पुढे नुसत्या त्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे रशियातल्या पावलोव्ह या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं. आमची खूण म्हणजे हा पट्टा.

सगळ्यात अवघड होतं डोकं आत घालणं. मी पट्टा तिच्या डोक्यावरून कधीच घातला नाही. पट्ट्याची कडी मोठी करून हातात धरायची आणि चपातीचा तुकडा कडीच्या पलीकडे. पहिल्या दिवशी नाकाचा शेंडा आत आला, चौथ्या दिवशी कान. आणि एके दिवशी तिने आपण होऊन डोकं आत घातलं, तेव्हा आमच्या घरात कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेईना!

मग चापाची पंचाईत. तो 'कट्' असा वाजतो. तेव्हा आधी दूर बसून नुसताच चाप वाजवायचा आणि तुकडा द्यायचा. असे पाच दिवस.

या काळात मी तिचं तोंड वाचायला शिकले. झोप नसताना जांभई, उगाच ओठ चाटणं, मान फिरवणं, शेपूट पोटाशी घेणं, म्हणजे 'आता पुरे.' लगेच थांबायचं. पाच मिनिटांच्या वर हा अभ्यास कधीच नाही. (तुमच्या गृहपाठाला ही सवलत नाही बरं का!)

पट्टा अंगवळणी पडल्यावर त्याला हलकीशी दोरी लावली आणि घरात लोळत राहू दिली. कशात अडकू नये, म्हणून एकजण सतत लक्ष ठेवून. मग मी टोक हातात घेतलं, पण जायचं कुठे ते भुरी ठरवायची. ती पुढे, मी मागे. स्वयंपाकघर, पडवी, पुन्हा स्वयंपाकघर! शेवटी अंगण, आणि ४१व्या दिवशी रस्ता.

एक मात्र ऐका. रस्त्यावरच्या घाबरलेल्या किंवा जखमी कुत्र्याजवळ एकट्याने जायचं नाही, मोठ्यांना सांगायचं. कुत्रं चावलं किंवा त्याने ओरबाडलं, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पहिली माळ लागली, तेव्हा भुरीने दाराकडे झेप घेतली. दोरी माझ्या हातात होती. ती थरथरत परत आली आणि माझ्या पायांशी मुटकुळं करून बसली.

आता ती रोज सकाळी माझ्याबरोबर फिरायला येते. वाटेत एक हार्डवेअरचं दुकान आहे. तिथे तारेची भेंडोळी टांगलेली दिसली, की भुरी अजूनही बसकण मारते. मग मी दोरी सैल सोडते आणि आम्ही दोघी उभ्या राहतो. शाळेची घाई असली, तर रस्ता ओलांडून पलीकडून जातो.