सेकंदाला साठ वेळा

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी आम्ही प्रवचनात संगणकावरील आणि मोबाईलवरील खेळांवर बरेच तोंडसुख घेतले. मुलांचा अभ्यास मागे पडतो, घरातला संवाद आटतो, असे सांगता सांगता “हे खेळ बनविणाऱ्यांना आपल्या मुलांची काय पर्वा?” असेही बोलून गेलो. मिस्सा संपल्यावर सॅक्रिस्टीत झगा उतरवीत असताना आठ-नऊ वर्षांचा एक वेदीसेवक दाराशी घुटमळताना दिसला. “फादर,” तो खाली मान घालून म्हणाला, “माझे डॅडी गेम बनवतात. ते वाईट आहेत का?”

आम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी गोलमोल उत्तर दिले. परंतु तो प्रश्न रात्री अंथरुणापर्यंत आमच्या सोबत आला. त्याच आठवड्यात आम्ही त्यांचे घर गाठले.

मुलाचे वडील अंधेरीच्या एका कचेरीत हिशेबनीस आहेत. सकाळी सातला वसईचे घर सोडायचे, लोकलच्या गर्दीत उभ्याने जायचे आणि रात्री आठनंतर परतायचे. खेळ बनविणे हा त्यांचा छंद. त्यातून आजवर एक पैसाही सुटलेला नाही. त्यासाठी ते ‘गोदो’ नावाचे, कोणालाही विनामूल्य वापरता येणारे साधन वापरतात. अर्जेंटिनातील दोघा मित्रांनी ते घडविले आणि 2014 साली सर्वांसाठी खुले केले. बेकेटच्या नाटकातील गोदोची वाट पाहणे कधी संपत नाही. तसेच या साधनात भर घालण्याचे कामही कधी पुरे होत नाही, म्हणून हे नाव. “यांचंही तसंच आहे, फादर,” स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीचा आवाज आला.

आमचे कुतूहल पाहून त्यांनी संगणक उघडला. “खेळ चालू असताना हा प्रोग्राम सेकंदाला साधारण साठ वेळा एकच फेरी मारतो, फादर. प्रत्येक फेरीत आधी पाहायचं, खेळणाऱ्यानं काय केलं? बटण दाबलं का, सोडलं का? मग पात्र हलवायचं, ते कशावर आदळलं का ते तपासायचं आणि चित्र पुन्हा काढायचं.”

चहाचे कप ठेवता ठेवता पत्नी म्हणाल्या, “मुलानं किती हाका मारल्या म्हणजे हे मान वळवतात, तेही विचारा ना यांना.”

खोलीत क्षणभर कोणीच बोलले नाही. मग त्यांनीच सांगितले. मे महिन्यातील एका रात्री मुलगा एक चित्र हातात घेऊन वडिलांच्या खुर्चीमागे उभा होता. “थांब रे, एवढं होऊ दे,” असे उत्तर दोनदा मिळाल्यावर तो सोफ्यावर झोपी गेला. चित्र सकाळी खुर्चीखाली चुरगळलेले सापडले. आणि वडील रात्रभर जो खेळ रचीत होते, तो या मुलासाठीच होता!

वडिलांनी काही सबब सांगितली नाही. त्यांनी डायरीतून ते चित्र काढले; बोटांनी सपाट केले असले तरी घड्या दिसत होत्या. बावखलात एक होडी आणि होडीत टोपी घातलेला खेकडा. “आता रात्रीचं काम बंद केलंय, फादर. शनिवारी सुट्टी असते. दुपारचे दोन तास, आणि तो शेजारी बसलेला असेल तरच.”

जुना खेळ त्यांनी बाजूला ठेवला होता. नव्या खेळाचा नायक तो खेकडा होता. पहिल्या शनिवारी खेकड्याला एक खड्डा काही ओलांडता येईना. मुलगा रडकुंडीला आला. वडिलांनी उडीचा एक आकडा वाढविला, तर तो म्हणाला, “डॅडी, एवढं सोपं नको!” मग दोघांनी घासाघीस करीत तो आकडा ठरविला.

त्यांनी आम्हाला माईक मिका या अमेरिकन खेळकाराची हकीकत सांगितली. 1981 सालच्या ‘डाँकी काँग’ या खेळात मारिओ नावाचा गडी पॉलिन या युवतीची सुटका करतो. मिका यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारले, आपल्याला पॉलिन होऊन मारिओला सोडवता येईल का? 2013 साली या बापाने रात्र जागून जुना खेळ बदलला आणि लेकीची इच्छा पुरी केली. “जागरण त्यांनीही केलं, मीही केलं,” आमचे हिशेबनीस म्हणाले. “पण त्यांनी आधी मुलीचं ऐकलं होतं.”

मुलांना तासन्‌तास खिळवून पैसे उकळणारे खेळ आहेतच. त्यांविषयीचे आमचे मत बदललेले नाही. परंतु पुढच्या रविवारी ते एक वाक्य आम्ही सर्वांसमक्ष मागे घेतले. आणखी एक गोष्ट येथे कबूल केली पाहिजे. पॅरिश कार्यालयात आम्ही संगणकावर पत्रके लिहीत असतो. कोणी म्हातारी मिस्सासाठी नाव द्यायला येते, कोणी तरुण नुसताच दाराशी उभा राहतो. “एक मिनिट हं,” असे आम्ही पडद्यावरची नजर न काढता म्हणतो. त्या मिनिटात किती माणसे परत गेली असतील, याची नोंद कोणत्याही वहीत नाही. आणि हीच माणसे आम्हाला ‘फादर’ म्हणतात.

निघताना आम्ही मुलाला जवळ घेतले. “त्या दिवशी तुला नीट उत्तर दिलं नाही. तुझे डॅडी वाईट नाहीत.”

“मला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “फादर, तुम्ही खेळता का?”

आम्ही बसलो. आमचा खेकडा चार वेळा पाण्यात पडला. पाचव्या वेळी मुलाने आमचे बोट धरून योग्य क्षणी बटणावर दाबले. त्याचे वडील मागे उभे होते. ते पडद्याकडे पाहत नव्हते. मुलाकडे पाहत होते.