बॅटरीखालचा नंबर

लंडनमध्ये कुणी आपला मोबाइल नंबर 07956 पासून सांगायला लागला की मी त्याच्याकडे जरा आदराने बघतो. हा माणूस ‘वन टू वन’च्या जमान्यातला. 1993 साली ही कंपनी आली आणि संध्याकाळनंतरचे लोकल कॉल तिने चक्क फुकट दिले. तेव्हा हा नंबर नुसता 0956 होता. एप्रिल 2001 पर्यंत ब्रिटनमधले यच्चयावत मोबाइल 07 मध्ये आणून बसवले, तेव्हा त्या शून्याच्या पाठीमागे सात घुसला. 07836 आणि 07860 ही त्याहून जुनी खोडं. 1985 मध्ये व्होडाफोन आणि सेलनेट सुरू झाले तेव्हाचे फोन खिशात मावायचा प्रश्नच नव्हता, ते किलोंच्या हिशोबात होते. पुढे 1999 पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली आणि आकड्यावरून माणसाचं गोत्र ओळखण्याची गंमत गेली.

हा झाला चारचौघांना द्यायचा नंबर. मला आठवण येते ती दुसऱ्या नंबरची, जो कुणालाच द्यायचा नसे आणि तरी जपून ठेवलेला असे. आयएमईआय. गाडीची नंबरप्लेट आणि चासी नंबर यांत जो फरक, तोच या दोघांत. सिम बदललं की फोन नंबर बदलतो. आयएमईआय त्या हँडसेटचा, जन्मभराचा.

2001-02 च्या सुमारास इथे आलेल्या आमच्यासारख्यांच्या हाती बहुधा नोकिया 3310 असायचा. मागचं बटण दाबून झाकण सरकवायचं, नखाने बॅटरी उचकटायची, की खाली पांढरं लेबल दिसे. टाइप एनएचएम-5, एक बारकोड आणि पंधरा अंक. एवढा खटाटोप नको असेल तर *#06# दाबायचं, तेच अंक पडद्यावर येत. ब्रिटिश पोलीस तेव्हा सांगत असत, हा नंबर लिहून घरी ठेवा. आपली माणसं अशा सूचना मनापासून पाळतात. डायरीच्या शेवटच्या पानावर पासपोर्ट नंबर, त्याखाली नॅशनल इन्शुरन्सचा नंबर आणि त्याखाली हे पंधरा अंक. शिवाय फोनचा खोका कपाटावर. खोका टाकायचा नाही, हा तर घरोघरचा अलिखित कायदा.

त्या पंधरा अंकांत वाचण्यासारखंही बरंच असे. पहिले दोन अंक म्हणजे नंबर कोणत्या संस्थेच्या अखत्यारीत दिला गेला त्याची खूण, आणि ते बहुतेक वेळा 35 असत. 35 म्हणजे ब्रिटिश अप्रूव्हल्स बोर्ड फॉर टेलिकम्युनिकेशन्स. फोन बनला फिनलंडमध्ये किंवा कोरियात, विकला गेला सांगलीत, पण त्याची नोंद इंग्लंडमधल्या वहीत. भारताचा 91 हा आकडा त्या जागी पुढे दिसू लागला. पहिले सहा अंक मंजुरीचे, पुढचे दोन कारखान्याचे, मग सहा अंकी अनुक्रमांक आणि शेवटचा एक पडताळणीचा, अशी ती जुनी मांडणी.

कारखान्याच्या त्या दोन अंकांनी किती जणांचं डोकं फिरवलं! ‘सातवा-आठवा अंक 00 असेल तर माल अस्सल, 02 किंवा 20 असेल तर एमिरेट्समध्ये जुळवलेला, दर्जा भिकार’ असा एक संदेश आधी ईमेलवर आणि मग व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरत होता. अजूनही मधूनच डोकं वर काढतो. वस्तुस्थिती अशी की 2003 पासून कारखान्याचा आकडा मोडीत काढायला सुरुवात झाली आणि 2004 पासून पहिले आठही अंक फक्त मॉडेल सांगतात. पण चांगल्या अफवेला असल्या बदलांशी काय देणंघेणं.

पंधराव्या अंकाचं गणित मात्र मला फार आवडतं. आधीच्या चौदा अंकांपैकी दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक दुप्पट करायचे, दुपटीत दोन आकडे आले तर त्यांची बेरीज घ्यायची, मग सगळं मिळवायचं. येणारी बेरीज दहाच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडतात, तो पंधरावा अंक. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांची ही युक्ती बँकेच्या कार्डावरही असते. टेलिफोनवर ‘डबल सेव्हन, ओ, थ्री’ अशा इंग्रजी थाटात नंबर सांगताना एखादा अंक चुकला की समोरचा संगणक लगेच हरकत घ्यायचा, ती या अंकाची करामत.

डायरीत लिहायची वेळ का आली, तेही सांगायला हवं. नाहीतर हे सगळं नुसतं गोड आठवणींचं होईल. 2000-01 च्या सुमारास ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे सात लाख मोबाइल चोरीला जात असल्याचा गृहखात्याचा अंदाज होता. शाळेतून घरी येणारी पोरं हे चोरांचं हमखास गिऱ्हाईक. फोन सुरू होऊन नेटवर्क शोधतो तेव्हा नेटवर्क त्याला आयएमईआय विचारू शकतं आणि काळ्या यादीत असेल तर दार लावून घेऊ शकतं. सोय होती, पण काही कंपन्या ती वापरत, काही वापरत नसत, आणि एकीने बंद केलेला फोन दुसरीच्या सिमवर खुशाल चाले. शिवाय हाय स्ट्रीटवरच्या एखाद्या दुकानात मागच्या खोलीत केबल जोडून आयएमईआयच बदलून मिळे. 2002 मध्ये संसदेने खास कायदा केला. आयएमईआय बदलणं गुन्हा, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. 2006 मध्ये ‘बदलून देतो’ असं नुसतं म्हणणंही गुन्ह्यात आलं. कंपन्यांनीही याद्या एकत्र केल्या. ज्या नंबरवर विश्वास टाकायचा, तो खोडता येत असेल तर त्याला अर्थ काय, हे ब्रिटिशांनी लवकर ओळखलं. हे श्रेय त्यांना द्यायला हवं.

याच नंबराशी आमची खरी झटापट व्हायची ती वेगळ्या कारणाने. इथे पे-अॅज-यू-गोवर घेतलेला फोन त्या कंपनीच्या सिमला बांधलेला असे. नवा घेतला की जुना भारतात पाठवायचा, हा तर शिरस्ताच. सांगलीतल्या मामांना फोन पोचायचा आणि तिथलं सिम घातलं की फोन म्हणायचा, हे चालणार नाही. मुंबईत असतं तर लॅमिंग्टन रोडवर काम झालं असतं. सांगलीत काय करणार? नोकियाच्या त्या फोनांचा अनलॉक कोड आयएमईआय आणि कंपनीचा संकेतांक यांवरून काढता येई. इथल्या दुकानदाराला पंधरा अंक लिहून द्यायचे, काही पाउंड मोजायचे, तो कागदावर कोड देई. मग कॉलिंग कार्ड खरवडून सांगलीला फोन.

“मामा, आधी हॅश दाबा. आता स्टार तीनदा, भराभर. पी आला?”

“स्टारच आलाय तीनदा.”

“पुसा. भराभर दाबायचं. आता स्टार चारदा, म्हणजे डब्ल्यू येईल. मग दोनदा, प्लस येईल.”

“अरे थांब, चष्मा आणतो.”

मग कोडचे पंधरा अंक, पुन्हा प्लस, एक, हॅश. पाच वेळा चुकलं तर कुलूप कायमचं बसणार, ही टांगती तलवार. तिकडे मामी मागून सांगत असायची की रात्र झाली, उद्या करा. आणि कॉलिंग कार्डवरची बाई मध्येच इंग्रजीत बजावायची की एक मिनिट उरलं.

आता यातलं काही उरलं नाही. डिसेंबर 2021 पासून ब्रिटनमध्ये कंपनीला बांधलेला फोन विकायलाच बंदी आहे. बॅटरी बाहेर निघत नाही, त्यामुळे लेबलही नाही. मोबाइल विकणाऱ्या कारफोन वेअरहाऊसची स्वतंत्र दुकानं 2020 मध्ये बंद झाली. फोन मालकाला चेहऱ्याने ओळखतो, आणि मालकाला फोनचा आयएमईआय तर सोडाच, बायकोचा मोबाइल नंबरही पाठ नसतो.

चोऱ्या मात्र थांबल्या नाहीत, नुसती तऱ्हा बदलली. इलेक्ट्रिक सायकलवरून येतात आणि मॅप बघत उभ्या असलेल्याच्या हातून फोन हिसकावून जातात. ब्रिटनच्या काळ्या यादीत तो नंबर जातो, इथल्या कुठल्याही कंपनीवर फोन चालत नाही, सगळं कायद्यानुसार. पण फोन तोवर इथे असतो कुठे? 2024 च्या नाताळच्या आदल्या दिवशी एका बाईने आपल्या चोरलेल्या आयफोनचा माग काढला तो हीथ्रोजवळच्या गोदामापर्यंत. ज्या खोक्यात तो सापडला त्यात आणखी 894 फोन होते, हाँगकाँगला निघालेले. त्या धाग्यावरून पोलीस ज्या टोळीपर्यंत पोचले तिने 40,000 पर्यंत फोन चीनकडे पाठवल्याचा संशय 2025 मध्ये जाहीर झाला. तिथली नेटवर्क ब्रिटनची यादी बघत नाहीत. नंबर बदलण्याची गरजच संपली. 2002 च्या कायद्याने जो दरवाजा बंद केला, त्याला वळसा घालून चोर विमानतळावरून निघून गेले.

जून 2025 मध्ये खासदारांच्या समितीने अॅपल आणि गूगलच्या प्रतिनिधींना समोर बसवून साधा प्रश्न विचारला. चोरीचा आयएमईआय तुमच्या क्लाउडलाच का जोडू देता? तिथेच अडवलात तर फोन जगात कुठेही नेला तरी लोखंडाच्या भावाचा. खोट्या तक्रारी करून दुसऱ्याचा फोन बंद पाडणारेही असतात, अशी अडचण कंपन्यांकडून पुढे आली. अडचण खरी असेल, पण चोरीला गेलेल्या प्रत्येक फोनामागे एक नवा फोन विकला जातो, हे खासदारांच्याही डोक्यात असणार.

भारताने हा रस्ता उशिरा धरला, पण नेटाने धरला. आयएमईआय नसलेले चायना मोबाइल 2009 च्या अखेरीस बंद पाडले, आयएमईआयच्या केंद्रीय नोंदवहीचा पहिला प्रयोग 2019 मध्ये महाराष्ट्रात झाला, आणि 2023 पासून ती देशभर आहे. त्याचा प्रत्यय मला घरातच आला. माझा जुना आयफोन भाचीला देऊ केला, तर पूर्वीसारखं ‘कधी पाठवतोस’ न विचारता ती म्हणाली, “मामा, आधी आयएमईआय पाठव.” केवायएम आणि पुढे नंबर लिहून 14422 ला एसएमएस केला की फोन काळ्या यादीत आहे की नाही ते तिथे कळतं. मी *#06# दाबलं. पडद्यावर एकाऐवजी दोन आयएमईआय, दोन सिमांचे दोन, शिवाय ई-सिमसाठी बत्तीस अंकी ईआयडी. काही ठरवत बसलो नाही, सगळं पाठवून दिलं. पाच मिनिटांत उत्तर आलं, “फोन क्लीन आहे. पण बॅटरी हेल्थ किती टक्के?”