शनिवारची सम

सातारच्या माणसाची सांगलीला बदली झाली, की पहिल्या आठवड्यातच त्याला तीन गोष्टी ऐकवल्या जातात. एक, हळद. दुसरी, मराठी नाटक. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथंच. तिसरी, मिरज. मिरजेबद्दल सांगलीकर अशा सुरात बोलतो, जसा नोकरदार थोरला भाऊ गाणाऱ्या धाकट्याबद्दल बोलतो. कौतुक असतं, पण “पोटापाण्याचं काय?” हेही त्यात असतं.

मी बी.कॉम. नाद म्हणजे नोटा मोजायच्या यंत्राचा, एवढंच मला ठाऊक. पण आमच्या शाखेतले हेड कॅशिअर मला एका शनिवारी दहाएक किलोमीटरवर मिरजेला घेऊन गेले आणि तिथून पुढे माझं करिअर बिघडलं, असं सौ. म्हणते.

जागा म्हणाल तर जुन्या वाड्याचा माळा. यजमान रेल्वेतले निवृत्त गार्ड. तबल्यावर औषधांच्या दुकानातला माणूस, पेटीवर मास्तर आणि गायला जो येईल तो. तिकीट नाही, जाहिरात नाही, आभारप्रदर्शन नाही. (या एका कारणासाठीही मी आयुष्यभर जायला तयार आहे.) दर शनिवारी आठ वाजता तंबोरे लागायला सुरुवात होते आणि नऊपर्यंत लागतच असतात.

हे तंबोरे गावातलेच. फरीदसाहेबांच्या घराण्यानं हा धंदा एकोणिसाव्या शतकात सुरू केला. मूळचे ते शस्त्रं घडवणारे. तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा तंबोरे करू लागले. माझ्या माहितीत धंदा बदलून जगाचं भलं झाल्याचं हे एकमेव उदाहरण. पंढरपूर भागातले भोपळे आणायचे, वाळवायचे, लाकूड जोडायचं. आणि सगळं झाल्यावर जवारी काढायला बसायचं. म्हणजे तार जिच्यावर टेकते ती घोडी घासायची, ऐकायचं, पुन्हा घासायची. मग तारेखाली दोऱ्याचा तुकडा हलकेच सरकवायचा. केसभर इकडे गेला तर तार गप्प, केसभर तिकडे गेला तर गुणगुणायला लागते. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सरकारला पटायला दीडशेच्या वर वर्षं लागली, म्हणजे आमच्या बँकेपेक्षा थोडीच जास्त.

मिरजेत गाण्याविषयी बोलताना शेवटी गाडी अब्दुल करीम खाँसाहेबांवर येतेच. खाँसाहेब इथे स्थायिक झाले. हिराबाई बडोदेकर जन्मल्या त्या इथंच, १९०५ साली. खाँसाहेब गेले १९३७ साली, मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना, सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर. बरं वाटेना म्हणून उतरले, फलाटावर बिछाना घातला आणि दरबारीत प्रार्थना म्हणत प्राण सोडला, असं सांगतात. ही गोष्ट गार्डसाहेब सांगतात तेव्हा माळ्यावर चहाचा कपही वाजत नाही. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. दर वर्षी तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं आणि मोठमोठे गवई तिथे गायला येतात, त्याला ‘हजेरी लावणं’ म्हणतात. आमच्याकडेही हजेरी असते, पण ती लावताना कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलेलं नाही.

माझा पुण्याचा भाचा एकदा आला होता. म्हणाला, “मामा, हा तर जॅझ क्लब!” मी जरा चरकलो. मग त्यानं समजावलं. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजायचं; वाजवणारे पुष्कळसे आपले गोव्याचे. चिक चॉकलेट नावाचा ट्रंपेटवाला त्यांतलाच, तो चितळकरांच्या ‘अलबेला’मध्येही होता, १९५१ सालच्या. १९७८ साली तर मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. यात्रा म्हटल्यावर मला जरा आपलेपणा वाटला. त्यांच्यातही म्हणे चाल ठरलेली, पण आत काय करायचं ते ज्याचं त्यानं तिथल्या तिथे ठरवायचं, आणि भटकून वेळेवर घरी यायचं.

हे मला कॉमर्सच्या अंगानं आधीच कळलं होतं. तीनताल सोळा मात्रांचा. गवई सुरुवातीलाच भरमसाट उचल करतो. सातवी मात्रा, अकरावी, चौदावी... कर्ज वाढतच चाललेलं. मला दरदरून घाम. आणि सोळा संपल्या की नेमका समेवर येऊन पैसा न् पैसा चुकता! आमच्याकडे दोन रुपयांचा फरक निघाला तर रात्री आठपर्यंत बसावं लागतं. २०१५पासून दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी असते. पण पहिल्या, तिसऱ्या शनिवारी रोकड जुळली नाही की मला सांगलीत बसून मिरजेचे तंबोरे ऐकू यायला लागतात.

तर करिअर. ऑफिसरच्या बढतीला मी दोनदा नको म्हटलं. बढती म्हणजे बदली, आणि बदली कुठं व्हायची ते साहेबाच्या मनात असतं. “तुमच्याहून सहा वर्षांनी लहान माणूस तुमचा मॅनेजर झालाय,” सौ. पोळी लाटता लाटता म्हणाली. यंदा परिपत्रक पुन्हा निघालं. मुलीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आहे आणि फीचा आकडा पगाराच्या स्लिपशेजारी ठेवून बघवत नाही. साताऱ्याहून आईचा फोन आला : “अरे, ऑफिसर हो बाबा. गाणं काय, रेडिओवर पण लागतं.” वरून माळ्यावरची माणसंही कमी होत चाललीत. पूर्वी पंचवीस असायची, परवा नऊ होतो, तंबोरे धरून अकरा. जिना चढवत नाही म्हणून दोघे बंद झाले. मीही गेलो नाही तर तंबोरा धरायला माणूस शोधावा लागेल.

सौ. म्हणाली, “या शनिवारी मीही येते. बघू तरी काय ठेवलंय तिथं.”

आली. भिंतीला टेकून तीन तास बसली. मास्तरांच्या शिष्येनं मारवा गायला, अवघी एकोणीस वर्षांची मुलगी. परतताना स्कूटरवर मागे अगदी शांतता. अर्जाची मुदत सोमवारची, मी फीचे हप्ते मनात मांडत होतो. विश्रामबागच्या चौकात सिग्नलला थांबलो, तेव्हा मागून आवाज आला :

“तो तबलेवाला शेवटी जरा घाई करत होता, नाही?”