आरशाभोवतीचे शिंपले

विंचूरला समुद्र नाही, हे सांगायला कोणा भूगोलाच्या अभ्यासकाची गरज नाही. निफाड तालुक्यातले हे गाव ओळखले जाते ते कांद्याच्या लिलावासाठी, आणि इतिहासाच्या पुस्तकांत सरदार विंचूरकरांसाठी. उन्हाळ्यात वारा सुटला की कांद्याचे पापुद्रे उडत उडत घरात येतात आणि कोपऱ्यांत साचून राहतात. अशा गावात, मे २०२४ च्या सुट्टीत, आम्ही बैठकीच्या खोलीची एक भिंत निळी रंगवली आणि तिच्यावर शिंपल्यांची चौकट केलेला आरसा टांगला. त्या आरशाने आम्हांला जे शिकवले ते येथे नोंदवून ठेवावेसे वाटते.

आरंभ झाला तो वर्गात. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली आणि भाव घसरले. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ‘कवडीमोल’ हा शब्द रोज दिसू लागला. आम्ही दोघेही मराठी शिकवतो. वाक्प्रचारांवरील तासाला सहज विचारले, की कवडी प्रत्यक्ष पाहिली आहे असे किती जण आहेत? शब्द सर्वांना ठाऊक होता. कित्येकांच्या घरी त्या दिवसांत त्याच शब्दाने जेवणे कडू होत होती. वस्तू मात्र फारशी कुणी पाहिलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही घरून एक कवडी नेली. मालदीवच्या समुद्रातून निघून ही जात बंगालपर्यंत चलन म्हणून कशी फिरली, हे सांगितले. कवडी बाकांवरून हातोहात फिरत असताना मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, ही तर आमच्या बैलाच्या माळेत आहे. पोळ्याला काढतो आम्ही.” त्याला त्या वस्तूचे नाव विचारण्याची कधी वेळच आली नव्हती.

ती कवडी आईच्या डब्यातली होती. आई आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीची सासू. पण सुनेच्या तोंडचे ‘अहो आई’ केव्हाच गळून पडले आहे, आणि आम्ही दोघेही तिला ‘अगं आई’ म्हणूनच हाक मारतो. तिचे माहेर दापोली तालुक्यातले मुरूड. लग्न होऊन १९७२ साली ती विंचूरला आली, तेव्हा ट्रंकेत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात कवड्या, तिसऱ्यांचे जोड, मनोऱ्यासारखे निमुळते शंख, आणि एक बऱ्यापैकी मोठा, तोंड किंचित फुटलेला पांढरा शंख. अलीकडे तिला विसरायला होते. सकाळी कोण येऊन गेले हे संध्याकाळी आठवत नाही. दिवेलागणीला मात्र ती डबा काढते, जुन्या पातळाच्या तुकड्यावर सगळे मांडते, आणि पुन्हा एकेक करून आत ठेवते.

कवडी डब्यात परत ठेवताना आम्हांला वाटले, इतक्या सुंदर वस्तू पत्र्याच्या डब्यात का पडून राहाव्यात? गृहसजावटीच्या एका मासिकात ‘कोस्टल स्टाईल’वर लेख होता. पांढरा आणि निळा रंग, काथ्याचा दोर, लाटांनी झिजलेले लाकूड, शिंपल्यांच्या चौकटीतला आरसा. आम्ही आईला विचारले. ती म्हणाली, “लावा की. डब्यात कोण बघतंय त्यांना?” ही संमती आम्ही अगदी शब्दशः घेतली. शिंपले ब्लीचच्या पाण्यात बुडवून पांढरे केले, वाळवले, आकारांनुसार लावून पाहिले आणि दोन नळ्यांतून येणाऱ्या घट्ट गोंदाने लाकडी चौकटीवर बसवले. वरून वॉर्निशचा एक हात दिला. चौकट देखणी झाली होती हे आजही कबूल केले पाहिजे. आईनेही “छान दिसतंय हो” असे म्हटले.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती कपाटापुढे उभी होती. डबा हातात होता आणि रिकामा होता. आम्ही तिला आरशापाशी नेले. तिने एका तिसरीवर बोट ठेवले, मग नखाने ती उचलून पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. आणि आमच्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, “अरे, हे निघत नाहीत.” पुढे आठवडाभर ती रोज कपाट उघडी, रोज डबा रिकामा सापडे, आणि रोज हेच वाक्य ती पहिल्यांदाच म्हणत असे.

त्या आठवड्यात आम्ही पुष्कळ विचार केला. समुद्रावरची वस्तू देशावरच्या घरात आणून शोभेला लावली, यात नवे काय, असा बचाव प्रथम सुचला. पण तो टिकेना. देशावरच्या घरांत समुद्र फार पूर्वीपासून आहे. फक्त तो शोभेला नाही. देवघरातला शंख फुंकला जातो किंवा पुजला जातो. आराधी आणि भुत्ये यांच्या गळ्यातल्या कवड्यांच्या माळेने ती व्यक्ती भवानीची आहे हे कळते. पोळ्याच्या बैलाची माळ आली, लमाण स्त्रियांच्या भरतकामातल्या कवड्या आल्या, सारीपाटावर दान म्हणून पडणाऱ्या कवड्या आल्या. नदीचा साधा शिंपलासुद्धा पूर्वी पोरे दगडावर घासून त्याला भोक पाडीत आणि त्याने कैरी सोलीत. प्रत्येकाला काही काम होते आणि प्रत्येक काम हाताशी निगडित होते.

खुद्द किनाऱ्यावरचे उदाहरण घ्यावे, तर कोकणात शिंपले भाजून चुना करीत. म्हणजे तेथील जुन्या घराचा समुद्र भिंतीवर लावलेला नसून भिंतीतच मुरलेला असे. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी पातळ, दुधी शिंपल्यांचे तुकडे बसवीत. तेही उजेड आत यावा आणि ऊन मात्र चाळून यावे म्हणून. ‘कोस्टल स्टाईल’ ही मुळात समुद्रावर सुट्टीला जाणाऱ्यांची दृष्टी आहे. समुद्रावर राहणाऱ्यांना तिची गरज पडत नाही. आईच्या डब्यात सुट्टीची आठवण नव्हती, तिच्या राहण्याचा एक तुकडा होता.

वेदान्तात शुक्तिरजताचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. लांबून शिंपला पाहणाऱ्याला तो रुपे वाटतो आणि जवळ गेल्यावर भ्रम फिटतो. हा दृष्टान्त आम्ही वर्गात कितीदा तरी समजावून सांगितला असेल. आमचे झाले ते थोडे निराळे. आम्ही अगदी जवळ जाऊन, हातात घेऊन, स्वच्छ धुऊनसुद्धा रुपेच पाहिले. आणि अंमळ अप्रिय असले तरी हेही लिहिले पाहिजे, की शब्दांच्या बाबतीत आम्ही व्यवसाय म्हणून हेच करतो. ‘कवडीमोल’ फळ्यावर लिहिला, त्याची व्युत्पत्ती सांगितली, वर वॉर्निशचा हात दिला. ज्याच्या घरी बैलाच्या माळेत कवडी होती आणि शेतात न विकलेला कांदा होता, त्या मुलाला पुढे एकही प्रश्न विचारण्याचे आम्हांला सुचले नाही.

एक सोपा उपाय होता. आईचे शिंपले काढून द्यावेत आणि चौकटीवर विकतचे लावावेत. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत कोकणात गेलो असता किनाऱ्यावरच्या दुकानात चौकशी केली. तेथील कवड्या आरशासारख्या लकाकत होत्या. वाळूत सापडणारी कवडी बहुधा झिजून फिकी झालेली असते. अशी लकाकी टिकवायची तर बहुतेक वेळा आतला जीव जिवंत असतानाच ती पाण्यातून उचलावी लागते. आणि सगळेच शंख-शिंपले विकायला मोकळे आहेत असेही नाही. नॉटिलस, काही महाशिंपले, काही मोठे शंख यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत घातले गेले. गोव्याच्या खिडक्यांतला तो दुधी शिंपलाही त्या वेळी अनुसूचीत आला. आम्ही हात हलवीत बाहेर आलो.

परतल्यावर आरसा खाली उतरवला. गरम पाण्याची फडकी ठेवून, पातळ सुरीने, दोन रविवार खर्चून शिंपले सोडवले. जाड कवड्या आणि निमुळते शंख धड निघाले. तिसऱ्या नाजूक, त्यांतल्या बऱ्याच तडकल्या. तिसरीच्या दोन शिंपा बिजागरीशी आपल्याच जोडीदाराशी नेमक्या जुळतात, दुसऱ्या कुणाशी नीट बसत नाहीत. जोड सोडवून पाकळ्यांसारख्या मांडताना याचा विचार आमच्या मनात आलाच नव्हता.

आता संध्याकाळी आई पुन्हा पातळाचा तुकडा पसरते. पूर्वी ती नुसती मांडीत असे, आता जोड लावून पाहते. बरेचसे जोड लागत नाहीत, कारण दुसरी शिंप आम्ही फोडलेली आहे. तिला ते ठाऊक नाही. ती न जुळलेली शिंप बाजूला ठेवते आणि पुढची घेते. आम्ही शेजारी बसतो, आणि सांगत नाही. सांगितले तरी उद्या पुन्हा सांगावे लागेल, हे कारण आम्ही एकमेकांना देतो.

सगळे आत ठेवून झाले की शेवटी ती फुटक्या तोंडाचा शंख कानाला लावते आणि म्हणते, “मुरुडाला भरती लागली बघ.” शंखात समुद्र नसतो, भोवतालचाच आवाज त्या पोकळीत घुमतो, हे आम्ही वाचलेले आहे. तेव्हा आईच्या कानाशी जे घुमते ते विंचूरच असले पाहिजे: कांद्याच्या गाड्या, ट्रॅक्टर, शेजारचा दूरदर्शनसंच. परवा तिने शंख आमच्यापुढे धरला. आम्ही दोघांनी आळीपाळीने तो कानाला लावला, आणि भरती लागली आहे असे सांगितले.