पर्जन्यछायेतले वाचन

काही वर्षांपूर्वी नांदेडला प्रथम वर्षाच्या वर्गाला आम्ही निबंध घातला होता: ‘पावसाळ्यातील एक दिवस’. विषय इतका झिजलेला, की तो फळ्यावर लिहिताना आमची आम्हांलाच लाज वाटली. बहुतेकांनी क्रमिक पुस्तकांतून ओळखीचा झालेला पाऊस लिहिला: रिमझिम, धुके, हिरवे डोंगर, धबधबे. अहमदपूर तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याने मात्र अर्धेच पान लिहिले. दिवसभर आभाळ भरून होते, संध्याकाळी बांधापलीकडच्या शेतात पाऊस पडला, आमच्यात पडला नाही, वडील बांधावर उभे राहून बघत होते. एवढेच. आम्ही दहापैकी चार गुण दिले आणि समासात शेरा मारला, ‘निसर्गवर्णन नाही’.

हा शेरा पुढे आम्हांलाच टोचू लागला, आणि तो टोचला एका अगदी परक्या शास्त्राच्या वाचनामुळे.

वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावर, काळूबाईच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंचीवर, पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांच्या अभ्यासासाठी रडार बसवले. महाबळेश्वरची ढगांची प्रयोगशाळाही याच संस्थेची, 2012 सालची. रडार डोंगरावर नेण्याचे कारण साधे आहे. खालून सोडलेल्या लहरी कड्यांवर आपटून परततात. पलीकडचे ढग दिसत नाहीत आणि अलीकडचा डोंगरच पाऊस म्हणून पडद्यावर उमटतो. शिखरावरून मात्र घाटाच्या दोन्ही अंगांचे आभाळ एकाच नजरेत येते.

या नजरेला जे दिसले, ते आमच्या धंद्याच्या दृष्टीने मोलाचे आहे. पश्चिमेच्या अंगाला ढग बहुधा बुटके असतात. समुद्रावरून आलेला ओला वारा कड्याला भिडून वर चढतो, थेंब थेंबांना मिळतात आणि पुष्कळदा हिमकण तयार होण्याआधीच पाऊस पडून जातो. पण वारा थांबत नाही, म्हणून पाऊसही थांबत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते ते या बुटक्या ढगांच्या चिकाटीने. घाट ओलांडला की चित्र पालटते. ढग विरळ होतात; पण जो वाढतो तो उभा, उंच वाढतो, गडगडतो, एखाद्या शिवारावर रिता होतो आणि संपतो. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याने लिहिलेला पाऊस हा पावसाचा अभाव नव्हता. ती पावसाची निराळी जातच होती.

रडारच्या वाचनपद्धतीतही एक मौज आहे. थेंबाचा व्यास दुप्पट झाला, तर त्याचा प्रतिध्वनी चौसष्टपट होतो. मूठभर मोठे थेंब असंख्य बारीक थेंबांपेक्षा मोठ्याने बोलतात, आणि रडारला आवाज तेवढा ऐकू येतो, पाणी नव्हे. आवाजावरून पाणी मोजण्याचे एक सूत्र मार्शल आणि पामर यांनी 1948 साली कॅनडातील निरीक्षणांवरून मांडले. ते सूत्र आजही सांगितले जाते, पण शास्त्रज्ञ ते डोळे मिटून कुठेही लावत नाहीत. घाटातल्या भुरभुरीला एक गुणक, गडगडाटी सरीला दुसरा. शिवाय खाली जमिनीवर पर्जन्यमापक ठेवून ताळा पाहायचा. आम्ही मात्र एका पावसाचे सूत्र दुसऱ्या पावसाला लावले होते, आणि ताळा पाहिलाच नव्हता.

आता आमच्या आभाळाकडे वळू. हैदराबादच्या रडारपासून नांदेड आणि लातूर दोन्ही सुमारे 230 किलोमीटरवर. रडारची लहर सरळ जाते आणि पृथ्वी खाली वळत जाते. अर्ध्या अंशाच्या कोनातून निघालेली लहर ढोबळ हिशेबाने आमच्या डोक्यावरून पाच किलोमीटर उंचीने जाते. पावसाळ्यात साधारण त्याच उंचीवर हिमकण वितळू लागतात. म्हणजे इतक्या दुरून आमच्या ढगांचा माथा दिसतो, पायथा नाही. थेंब खाली येताना कोरड्या हवेत विरला की रानात पोचला, हे त्या लहरीला कळत नाही. ते बांधावर उभ्या असलेल्या माणसालाच कळते.

इथे हे कळणे चैनीचे नसते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने मराठवाड्यातली उभी पिके झोडपली. 2015 साली कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी तेव्हाच्या औरंगाबादेत विभागीय आयुक्तालयाच्या छतावर रडार आले. आभाळात पेरण्याजोगा ढग शोधायचा होता. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर घेऊन. त्या उन्हाळ्यात आमचे लातूरचे आप्त घागरी मोजून पाहुण्यांना बोलावत होते, आणि आम्ही वर्गात धबधब्यांची वर्णने समजावून देत होतो.

घाटमाथ्याच्या आणि कोकणाच्या पावसावर मराठीत उत्तम लिहिले गेले, याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आमच्या वाचनाबद्दल आहे. ‘संततधार’ हा शब्द आम्हांला काव्यमय वाटतो आणि ‘उघडीप’ हा शेतीच्या बातमीतला. ‘झड’, ‘वळीव’, ‘अवकाळी’ यांपैकी प्रत्येक शब्द ढगाची एकेक जात नेमकी सांगतो. तरी निबंध तपासताना आम्ही शोधतो तो घाटापलीकडचाच पाऊस. आमचे विद्यार्थी हे ओळखून असतात. न पाहिलेला धबधबा ते बिनचूक लिहितात आणि पाहिलेले आभाळ गाळतात. गुण त्यालाच मिळतात.

गेल्या पावसाळ्यात नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला निघालो होतो. अहमदपूरच्या पुढे बालाघाटाच्या चढावर रस्त्याच्या डाव्या अंगाला सोयाबीनवर सर कोसळत होती. आमच्या गाडीच्या काचेवर धूळ तशीच होती. उजवीकडच्या बांधावर एक माणूस कंबरेवर हात ठेवून पलीकडे पाहत उभा होता.

तो निबंध आता आमच्याजवळ नाही. वह्या परत केल्या होत्या. चार गुणांचे दहा करणेही आता आमच्या हाती नाही. यंदा तोच विषय पुन्हा दिला आहे. फक्त खाली एक ओळ जोडली आहे: पाऊस कोणत्या गावचा, ते आधी लिहावे.