टायरवरची अक्षरे

२०२४ च्या एप्रिल महिन्यातली गोष्ट आहे. दुपारी एकच्या सुमारास पुतण्याचा फोन आला. "नाना, गाडी आडवी झाली. कजगावच्या पुढे. पोरगं बरं आहे." एवढेच बोलला आणि फोन बंद झाला.

मी भडगावहून मोटारसायकलवर तसाच निघालो. ऊन चाळिशीच्या पुढे गेलेले, डांबर पाय ठेववणार नाही इतके तापलेले. कजगाव ओलांडून चाळीसगावच्या वाटेला लागलो, तेव्हा लांबूनच रस्त्यावर फुटलेली टरबुजे दिसली. पिकअप एका कुशीवर, निंबाच्या झाडाला टेकून उभी होती. झाड नसते तर ती खाली चारीतच गेली असती. पुतण्याचे डावे मनगट मोडले होते. त्याचा सात वर्षांचा मुलगा मामाकडच्या लग्नाला म्हणून बापाशेजारी बसून निघाला होता. त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तो रडत नव्हता, झाडाखाली बसून नुसता माझ्याकडे पाहत होता.

मागचा डावा टायर फुटून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी तो मीच निवडून दिला होता.

झाले असे की फेब्रुवारीत गाडीचे मागचे दोन्ही टायर गोटा झाले. कपाशीचा पैसा हाती नव्हता. २०२३-२४ च्या त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० रुपये होता, आणि बाजारात त्याहून कमी भाव निघत होता. आमच्या खानदेशात कित्येकांनी तेव्हा कापूस घरातच दाबून ठेवला, त्यात हाही एक. नवे टायर परवडेनात, म्हणून जुने घ्यायचे ठरले. "नाना, तुम्ही चला, तुम्हाला समजते," असे म्हणून तो मला दुकानात घेऊन गेला. मला काय समजत होते? बीएस्सी ॲग्रीचा अभ्यास आणि तीस वर्षांची नोकरी. पण मोठेपणा कोणाला नको असतो! मी टायरच्या खाचांत नख घातले, अंगठ्याने रबर दाबले आणि सांगितले, "नक्षी चांगली आहे. माप तेच आहे. घे." नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत जोडी मिळाली. दोघेही खुशीत घरी आलो.

अपघातानंतर गाडी ओढून आणली. फुटलेल्या टायरचा जोडीदार काढून अंगणात भिंतीला लावून ठेवला होता. संध्याकाळी सूनबाई मोबाईलची बॅटरी लावून त्याच्यापुढे बसली आणि त्यावरची अक्षरे वहीत उतरवू लागली. नंतर तिने पिकअपचा आधीचा, गोटा झालेला टायर गोठ्यामागून ओढत आणला आणि त्याचीही अक्षरे लिहिली. मग वही माझ्यासमोर धरली. "नाना, माप दोन्हींवर सारखे आहे. २१५/७५ आर १५. पण आपल्या टायरवर १०६ आहे आणि ह्याच्यावर १००. हे काय असते?"

मला सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी एका जाणत्या टायरवाल्याकडे गेलो. त्याने वही पाहिली आणि कपाळाला हात लावला. १०६ म्हणजे त्या टायरने पेलायचे जास्तीत जास्त वजन ९५० किलो. १०० म्हणजे ८०० किलो. आम्ही घेतलेला टायर माणसे वाहणाऱ्या जीपचा होता. माप तेच, रिमवर बसतोही चपखल, पण अंगात तेवढा जोर नाही. शिवाय लंबगोल चौकटीत चार आकडे होते, १६१७. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. म्हणजे २०१७ सालच्या सोळाव्या आठवड्यात तो टायर तयार झाला होता. फुटला त्या दिवशी त्याला सात वर्षे पुरी होत होती. रबर नुसते ठेवून दिले तरी म्हातारे होते, कडक पडते, खाचांच्या तळाशी बारीक भेगा जातात. पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांपलीकडे वापरू नका, असे टायर बनविणारेच सांगतात. मी बघितली ती नक्षी. नक्षी चांगली राहिली होती, कारण तो टायर फार चाललाच नव्हता. कुठेतरी उन्हात पडून होता.

वाचकहो, दर जूनमध्ये मी गावोगावच्या सभांत बियाण्याची पिशवी हातात धरून उभा राहतो. निळा टॅग प्रमाणित बियाण्याचा, लॉट नंबर बघा, मुदतीची तारीख बघा, पावती घ्या, पिशवी आणि टॅग हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा, असे घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो. तोच मी टायरवरचे एक अक्षर न वाचता "घे" म्हणालो होतो. सूनबाई मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

आमच्या वडिलांच्या वेळी चाकाला लोखंडी धाव असायची. धाव बसवायचा दिवस म्हणजे घरचे कार्य असे. चाकापेक्षा धाव जराशी लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची, तापून ती वाढली की सांडशीने उचलून लाकडावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. ती आवळली की चाकाचे सांधे करकरत. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली झाली, तर चाक रात्रभर गिरणेच्या पाण्यात बुडवून ठेवीत. पुढे टायरची गाडी आली, तिला आमच्याकडे डनलॉपच म्हणत. ज्या जॉन बॉइड डनलॉपचे हे नाव, तो मूळचा गुरांचा डॉक्टर. आयर्लंडातल्या बेलफास्टला १८८८ मध्ये त्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचे टायर केले. सांगायचा मुद्दा एवढाच की वडील गाडीत किती पोती घालायची हे बैलाच्या मानेकडे पाहून ठरवीत. बैल थबकला की दोन पोती खाली उतरत. पिकअपला मान नाही. ती कुरकुर करीत नाही, घालाल तेवढे घेऊन निघते.

पुतण्याचे मनगट प्लास्टरमध्ये असताना त्याच्याशी बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. उन्हाळा म्हणून त्याने चारही टायरची हवा पाच-पाच पौंड कमी केली होती. "उन्हानं हवा फुगते ना, नाना. सगळेच कमी करतात." सगळेच करतात हे खरे आहे. मीही माझ्या मोटारसायकलची करीत होतो. पण घडते उलटे. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतात आणि सुटतात, त्या घडीघडीने टायर आतून तापतो आणि तापता तापता फुटतो. उन्हाने जी थोडी हवा वाढते ती टायर बनविणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेली असते. म्हणून हवा सकाळी, गाडी चालण्याआधी, टायर थंड असताना मोजायची आणि गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत भरलेल्या गाडीसाठी सांगितली आहे तेवढीच ठेवायची. जादा हवा भरली म्हणून ८०० किलोचा टायर ९५० चा होत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

गाडी दुरुस्त होऊन आल्यावर आम्ही तेवढाच माल भरून वजनकाट्यावर गेलो. काटेवाल्याला सांगून फक्त मागची चाके काट्यावर घेतली. आकडा आला १,८६० किलो. म्हणजे एका टायरवर ९३०. त्या जीपच्या टायरवर दर फेरीला १३० किलो जादा पडत होते, वर हवा कमी, वय सात वर्षे. तो दोन महिने टिकला हेच नवल. आणि १०६ च्या टायरलाही फक्त २० किलोंची मोकळीक उरत होती, म्हणून मालच दोन क्विंटल कमी भरायचा असे तिथेच ठरले. पुतण्याने तोंड वाकडे केले. भाड्याचे गणित त्याचे खोटे नव्हते.

नवे टायर घेताना सूनबाई बरोबर आली. आयएसआयची खूण, १०६, आणि तारखेचे चार आकडे तिने स्वतः वाचले. पहिली जोडी दोन वर्षांपूर्वीची निघाली, ती तिने परत आत ठेवायला लावली. नायलॉन की रेडियल यावर दुकानात बराच वेळ गेला. शिवारातल्या दगडधोंड्यांत नायलॉनची जाड बाजू बरी, असे जुने ड्रायव्हर म्हणतात आणि त्यात तथ्यही आहे. पण आमची गाडी निम्मी हमरस्त्यावर, उन्हात, भरलेली पळते. तिथे रेडियल कमी तापतो. शिवाय पुढे रेडियलच होते, आणि एका गाडीला दोन जातींचे टायर लावणे बरे नाही. मोठ्या बटणांच्या नक्षीचा मोह मी मोडून काढला. पावसाळ्यात आपली काळी माती कुठल्याही नक्षीत भरते आणि गाडी शेवटी ट्रॅक्टरनेच ओढावी लागते. रबर चढविलेले टायर सरसकट वाईट असतात असे मी म्हणणार नाही. एसटी महामंडळानेही वर्षानुवर्षे तसे टायर चालविले आहेत, पण तिथे प्रत्येक टायर तपासणारी माणसे असतात. आमच्या गोठ्यात कोण तपासणार?

पुढच्या टायरची झीजही तिथेच पाहून घेतली. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांना टेकली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली. त्यापुढे टायर चालविणे कायद्यातही बसत नाही. आमच्या पुढच्या जोडीला अजून जीव होता. ती दिवाळीनंतर बदलली.

राहता राहिला तो जीपच्या टायरचा जोडीदार. दुकानदार परत घेईना. महिनाभराने शेजारच्या गावचा एक ओळखीचा माणूस आला. त्याचीही पिकअप, मापही तेच. टायर फिरवून पाहिला, खाचेत नख घातले आणि म्हणाला, "नक्षी तर नवी आहे. हजार रुपये देतो." हजार रुपये त्या घरी तेव्हा थोडे नव्हते, हाडाच्या डॉक्टरचे देणे बाकी होते. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी त्या माणसाला सूनबाईची वही दाखवली, १०० आणि १०६ चा हिशेब सांगितला. तो हसला. "काही व्हत नही नाना, मी हलका माल भरस." मग बाराशे म्हणाला.

पुतण्या काही न बोलता उठला आणि एका हाताने टायर ढकलत फाट्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात घेऊन गेला. ग्राइंडरने त्याचे उभे दोन तुकडे करून आणले. आतल्या तारांनी ग्राइंडरच्या दोन चकत्या खाल्ल्या, त्याचे पैसे वेगळे पडले. ते दोन्ही तुकडे आता गोठ्यात आहेत. एकात शेळ्यांचे पाणी असते, दुसऱ्यात कोंबड्यांचे.