मोजायचं नाही!

रक्तदाब वाढला की सल्ले फुकट मिळतात. कुणी लसूण सांगितला, कुणी शीर्षासन. आमच्या शाखेतले नांदेडचे सरदारजी मात्र म्हणाले, "साहेब, गोळी डॉक्टरची घ्या, ती सोडू नका. जोडीला पहाटे सिमरन करा. श्वास घेताना 'वाहे', सोडताना 'गुरू'."

"किती वेळा?" वीस वर्षं कॅशवर बसलेला माणूस दुसरं काय विचारणार?

"मोजायचं नाही!"

झालं! मी तर जिनेसुद्धा पायऱ्या मोजत चढतो.

"आणि हे परकं समजू नका हां," सरदारजी म्हणाले. "तुमच्या नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथसाहेबात आहेत." म्हणजे पंढरीची ठेव पंजाबात जमा, आणि वारसांना खात्याचा पत्ता नाही! गुरू अर्जनदेवांच्या 'सुखमनी'बद्दलही त्यांनी सांगितलं. तिच्यात 24 अष्टपद्या. आजाऱ्याच्या उशाशी ती वाचतात. मी आपला एका शब्दावर भागवलं.

पहिले आठ दिवस 'वाहेगुरू' शंभरच्या गड्ड्यांत बांधले. नवव्या दिवशी आकडा हरवला, आणि शोधावासा वाटला नाही.

रक्तदाब उतरला. श्रेय डॉक्टर गोळीला देतात, बायको अळणी आमटीला. माझी तक्रार नाही. पण रात्री तीनला छातीवर हात ठेवून मी आपल्या माघारी घरच्यांना काय मिळेल याची बेरीज करायचो, ती आता निम्म्यात सुटते आणि झोप लागते. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. त्या बेरजेत तुम्ही कुठं होतात?"